गयाच्या रानात देवी नाही

या, असं जवळ सरकून बसा. लांब बसणाऱ्याला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तो आपल्या मनानं भरतो. तुमचं तेच झालंय. राग आला तर येऊ द्या, पण मी बोलणारच. आमची गया जाऊन पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मला इतके फोन आले, घरी इतकी माणसं येऊन बसली, पण एकानंही विचारलं नाही की तिला काय होत होतं, कुठं दुखत होतं. सगळ्यांचं एकच, "आक्का, तिला देवीनं नेलं म्हणतात, खरं का?" शिकलीसवरली माणसं तुम्ही. आणि एका बाईचं मरण असं मोबाईलवर पुढं ढकलत बसलात. म्हणून म्हणते, आता मी सांगते ते सगळं ऐका. मधे उठायचं नाही.

त्या सकाळी मी अंगणात तुरी पाखडत होते. रेखा वाटेनं पळत येताना दिसली. रेखा म्हणजे गयाची सून. पायात चप्पल नव्हती. मला वाटलं, शेळी विहिरीत पडली असेल. ती लांबूनच ओरडली, "आक्का, आत्या उठंना! हाका मारल्या, हालवलं, उठंना!" आमच्याकडं सुना सासूला आत्याच म्हणतात. मी सूप खाली ठेवलं, आणि बघा माणसाचं मन कसं असतं, आधी तुरीवर पोतं झाकलं. कोंबड्या खातील म्हणून. मग निघाले. पोतं झाकायला असा किती वेळ लागतो? पण तो वेळ मला अजून टोचतो...

गया तिच्या रानाच्या तोंडाशी बसलेली होती. पडलेली नव्हती, बसलेली. काट्याच्या कुंपणात आत जायला जिथं वाट ठेवलीय, तिथल्या खांबाला पाठ टेकून. पाय लांब सोडलेले, मांडीवर कोयता, बाजूला तोडून आणलेल्या बोराटीच्या फांद्या. कुंपणाला भगदाड पडलं होतं, ते बुजवायला आली होती. मी म्हणाले, "गये, ऊठ की, ऊन तापाय लागलंय." आणि हात धरला तर तो हात माझ्याकडं आला, गया आली नाही. जीप करून गेवराईला नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, तासाभरापूर्वीच संपलं, हृदय बंद पडलं. साठीसुद्धा गाठली नव्हती. आयुष्यात गोळी खाल्ली नव्हती. मी तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, मला सकाळ-संध्याकाळच्या मिळून पाच गोळ्या. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. रडूसुद्धा आलं नाही. नुसतं वाटत होतं, काहीतरी चुकलंय. नावात चुकलंय. कुणीतरी बाहेर येऊन सांगेल, आक्का, तुमचं नाव होतं.

आणि आता ते सांगते, जे तुमच्यातल्या कुणी विचारलं नाही. दोन दिवस आधी ती माझ्या ओट्यावर टेकली होती. म्हणाली, "आक्का, हा डावा हात लई जड झालाय. जबडा बी ठणकतोय." मी काय म्हणाले? म्हणाले, "दिवसभर काटे तोडतीस, दुसरं काय व्हणार? तेल लाव, शेक घे." ती म्हणाली, "लावते." संपलं. एवढंच. डॉक्टरांनी नंतर विचारलं, हात दुखत होता का, तेव्हा मी खाली बघून मान हलवली. देवीनं नाही नेली हो तिला. दुखणं आलं होतं, त्यानं हाकही मारली होती, आणि आम्ही दोघींनी त्याला तेल लावलं.

आमची वाडी उमापूरच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. आमचं शेतीचं घर, गयाचं शेळ्या राखणारं. ती नवी नवरी होऊन आली त्या वर्षी तिच्या शेळ्या माझ्या हरभऱ्यात शिरल्या. मी काठी घेऊन धावले. ही पोर शेळ्या हाकलायचं सोडून माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला मारा, पर ती गाभण हाय, तिला मारू नका." काय करणार? काठी टाकली आणि तिला घरी नेऊन चहा पाजला. तेव्हापासून मी तिची आक्का. मी शाळा बघितली नव्हती. पोरांच्या पुस्तकातून चाळिशीत वाचायला शिकले. गया तेही शिकली नाही. म्हणायची, "तुमी वाचता की. दोघींनी कावून कष्ट करायचे?" पण झाडाच्या पाल्यातलं तिला जे कळायचं ते मला या जन्मात कळलं नाही. नवीन झाड दिसलं की पान तोडायची, तोंडात टाकायची, दोन वेळा चावून थुंकायची. शेळी खाईल का नाही, खाल्लं तर दूध आटेल का वाढेल, ती सांगायची.

या खोडीनंच कोकणात जीव घेतला असता तिचा. माझी लेक सुनंदा तिकडं समुद्राकाठच्या गावात नर्स आहे. तीन वर्षांमागं मार्गशीर्षात तिनं बोलावलं आणि एकटीला प्रवास नको म्हणून मी गयाच्या मागं लागले. ती शेळ्यांवाचून एक रात्र बाहेर राहिलेली नव्हती. गेवराई, माजलगाव, फार तर पैठण, इथवरच तिची धाव. शेवटी लेकानं ज्ञानोबानं सांगितलं, "आई, शेळ्या मी बघतो, तू जा, न्हाईतर आक्का मला सोडायच्या न्हाईत." घाटात ती सगळा वेळ डोळे मिटून माझा दंड आवळत बसली. समुद्र बघितल्यावर मला वाटलं, आता हरखेल. तिनं वाकून बोट बुडवलं, चाटलं आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "एवढं पानी, अन् जित्राबाला पाजाया एक घोट न्हाई. काय उपेग, आक्का?"

सुनंदाच्या गावामागं एक डोंगरी आहे. ती कोळशासाठी तोडून तोडून उघडी पडली होती. मग कुणी तिच्यावर परदेशी झाडं लावली, त्यांच्याखाली गवतसुद्धा उगवेना. गावातल्या लोकांनी ती हळूहळू काढली आणि तिथली मूळची झाडं परत आणली. ऐन, किंजळ, हिरडा, बकुळ, सुरंगी. आता तिथं वन-उद्यान केलंय, पायवाटा आहेत, बाकडी आहेत, लांबून माणसं बघायला येतात. आम्ही दोघी गेलो. दारातच पाटी होती, ती मी मोठ्यानं वाचली. आत शेळ्या-मेंढ्या आणायला सक्त मनाई. गया थबकली. "म्हंजे मलाच मनाई की." मी म्हणाले, "तुला चार पाय हायेत का?" म्हणाली, "शेळीमागं चालून चालून तसलेच झालेत."

आत गेलो तर वेगळंच. आमच्याकडं रानात उभं राहिलं की लांबवर दुसरं गाव दिसतं. तिथं दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. खाली पालापाचोळा असा की पाय टाकला तर चुर्र वाजायचं आणि मग मऊ लागायचं. हवा गार आणि ओली. मी तर बाकड्यावर बसून घेतलं. गया एकेका झाडाला हात लावत पुढं गेली आणि तिचं सुरू झालं. पान तोड, चाव, थुंक. इतक्यात मागून हाक आली, "थुक ते! अगो बाय, थुक आधी!" एक म्हातारे गृहस्थ धावत आले. त्यांना तिथं विश्रामभाऊ म्हणतात, ती डोंगरी ज्यांनी उभी केली त्यातले ते एक. "काजरा तो! जहर! ढोरपण तोंड लावीत नाय त्याला." गयानं थुंकलं, पदरानं जीभ पुसली, आणि शांतपणे म्हणाली, "तेच बघत होते. शेळी खाईल का." म्हातारबुवा भडकले. "शेळीचं नावपण काढू नको हितं. आग लागली तर जंगल परत येतं. शेळी लागली तर येत नाय."

गयाचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं. इतक्या लांब आणलं आणि हे ऐकवलं. पण विश्रामभाऊ मनानं चांगले. विष चाखलेल्या बाईला एकटी कशी सोडायची, म्हणून आम्हाला रोपवाटिकेत नेलं, पाणी दिलं, चूळ भरायला लावली. तिथं ते बहाव्याच्या बिया दगडावर घासत बसले होते. सांगू लागले, हे बी लई टणक, असंच पेरलं तर वर्षानुवर्षं पडून राहतं. घासावं लागतं, नाहीतर कढत पाण्यात टाकावं लागतं. गया हसायला लागली. मी कोपरखळी मारली तरी थांबेना. "भाऊ, आमच्याकडं बाभळीचं बी असलंच हाय. पर आमी घासत न्हाई. दिवसभर शेळ्यांना शेंगा चारायच्या. रात्री रवंथ करताना त्या एकेक बी थुकत्यात. सकाळी शेळ्यांचं वाडगं झाडलं की पायली-पायली बी गोळा व्हतं. त्ये मातीत टाकलं की चार दिसात वर." विश्रामभाऊंनी हातातला दगड खाली ठेवला. "म्हणजे पेरणारी तीच आणि खाणारीपण तीच?" गया म्हणाली, "मग खानारीला थोडे दिस बांधून घालायची. एवढंच की. शिव्या कावून द्यायच्या?" त्यांनी उठून वही आणली आणि तिचं बोलणं लिहून घेतलं. ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, तिचं बोलणं कुणीतरी वहीत लिहून घेतंय... तिचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मग त्यांनी आम्हाला गडग्याच्या, म्हणजे दगडी बांधाच्या, पलीकडं दाखवलं. पलीकडं जुनी देवराई होती, कित्येक पिढ्यांची. म्हणाले, "ती देवाच्या भीतीनं राहिली. काडी उचलली तर देव कोपेल म्हणून. आमची ही डोंगरी पोरकी. तिला भीती नाय. तिची घरटी पाळी लावली. रोज एका घरानं राखायची." गयानं विचारलं, "अन् कुनी पाळी चुकवली तर?" "चुकवतात की. मग शेजारी बोंब मारतो." बाहेर पडताना रस्त्याकडेला कुणाच्यातरी घरासाठी तांबडे चिरे उतरवलेले होते, त्यांचे तुकडे पडलेले. गयानं एक उचलला. सच्छिद्र, खरखरीत, लालभडक. आमच्या काळ्या फत्तराच्या मुलखात असला दगड कुणी बघितलेला नाही. मला म्हणाली, "टाचा घासाया बरा हाय. वजरी व्हईल." पिशवीत टाकला. येताना बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मग एकदम म्हणाली, "आक्का, आपल्या वाडीत जमंल का तसं, पाळी लावून?" मी म्हणाले, "हापशावर दोन घरं सुखानं पाणी भरत न्हाईत, अन् पाळी लावतील?" ती म्हणाली, "तेच म्हनते. मग देवच लागंल." मला वाटलं, थट्टा करतीय.

गयाची चार एकर मुरमाड जमीन. नांगर धरत नाही, कुसळी गवताशिवाय काही येत नाही. नावावर तिच्या, पण शेळ्या सगळ्यांच्या. आमच्याकडं असलं रान कुणी कुणाला अडवत नाही, ती रीतच आहे. त्या उन्हाळ्यात तिनं वाडग्यातलं बी साठवलं आणि रानाभोवती बोराटीचं कुंपण घातलं. पंधरा दिवसांत तिच्या दिरानं, मारुतीनं, कुंपण बाजूला सारून आपली शेळ्यांची खांडं आत सोडली. भांडण झालं. मारुती म्हणाला, "वहिनी, बापजाद्यांपास्नं हे रान मोकळं हाय. शेळ्या राखनाऱ्याच्या घरची बाई शेळीला अडवती? लोक थुकतील." तो चुकीचं बोलत नव्हता, हे मला आजही सांगायला हवं. त्याच्या शेळ्यांनी जायचं कुठं?

तिसऱ्या दिवशी गया माझ्याकडं आली. "आक्का, पोळ्याचा शेंदूर उरलाय का?" बैलांच्या शिंगांना लावायला आणलेला शेंदूर होता, मी दिला. कशाला, ते विचारलंच नाही. दुसऱ्या सकाळी वाडीत बोभाटा झाला. गयाच्या स्वप्नात लाल लुगडं नेसलेली बाई आली, म्हणाली, मला इथं सावली पाहिजे, आणि रानाच्या तोंडाशी दगड वर आलाय. मी गेले बघायला. शेंदूर फासलेला तो दगड मी ओळखला. गयाकडं बघितलं. ती माझ्याकडं बघेना. मारुती घाबरून मला म्हणाला, "आक्का, तुमी सांगा. खरं हाय का?" आणि मी, या पांढऱ्या केसांची बाई, म्हणाले, "हो बाबा. मला पहाटेच सांगत आली होती." त्या दिवशी माझ्या न्हाणीत बसून आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो. टाच घासायची वजरी आणि तिला नारळ! विश्रामभाऊंना कळलं तर वही फाडून टाकतील, असं ती म्हणाली.

तीन वर्षं एक शेळी आत शिरली नाही. बाभळी उगवल्या, हिवर उगवला, पळस आपणहोऊन आला, सीताफळं, तरवड, बोरी. ते कुठून आले कुणास ठाऊक. मुरमाचं रान आहे, झाडं जोर धरायला वेळ घेतात, अजून कुठं कमरेइतकी, कुठं छातीइतकी. शेळी मागच्या पायांवर उभी राहिली की माणसाच्या डोक्याइतकं ओरबाडते. म्हणजे अजून दोन पावसाळे हवेत. आमचं दोघींचं ठरलं होतं, झाडं शेळीच्या तोंडाच्या वर गेली की वाडीला खरं सांगायचं आणि सगळ्यांच्या शिव्या एकदम खायच्या. पण गेल्या वर्षी लांबून माणसं यायला लागली. कुणी मूल व्हावं म्हणून, कुणी कोर्टातला निकाल लागावा म्हणून. मग आमचं हसू आटलं. एकदा गया म्हणाली, "आक्का, ती बाई चालत आलती, पाय सुजलेले. माझ्या वजरीपुढं रडत बसली. आपन चुकलो का गं?" मी म्हणाले, "दोन पावसाळे थांब." मीच म्हणाले. प्रत्येक वेळी मीच.

आणि तिला तिथंच मरण आलं. त्याच दगडापासून चार हातांवर, मांडीवर कोयता घेऊन. लोकांना काय, दुसरं काही लागलंच नाही. देवीच्या रानात कोयता नेला, फांदी तोडली, देवीनं तिथल्या तिथं बसवली. दहाव्याला कुणी म्हणालं, आता तिच्या घरावर देवीचा कोप आहे. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनी रेखाच्या हातचं पाणी घेतलं नाही. मी हे सगळं ऐकत होते. ऐकत होते आणि गप्प होते. कारण बोलले तर रान जाणार. आणि नाही बोलले तर गयाचं नाव. तिच्या पाठीमागं जे काही उरलं ते दोन्ही माझ्या एका जिभेवर ठेवून ती गेली, आणि माझी जीभ हलेना.

ती हलवली गयाच्या नातीनं. पाच वर्षांची पोर, दोन दिवस तापानं फणफणलेली. मी संध्याकाळी बघायला गेले तर घरात कुणी नाही. शेजारीण म्हणाली, देवीकडं नेलंय, माफी मागायला. मी धावत गेले. धावत म्हणजे या गुडघ्यांनी जितकं होतं तितकं. रेखानं पोरीला दगडापुढं फडक्यावर निजवलं होतं. कपाळाला अंगारा, बाजूला नारळ, ज्ञानोबा हात जोडून उभा. पोरीचे ओठ सुकलेले, डोळे वर फिरत होते. मी म्हणाले, "उचल तिला. गेवराईला ने." रेखा म्हणाली, "आक्का, आत्याला दवाखान्यात नेलंच व्हतं की. काय झालं? देवीचा कोप डागदरला कळतो व्हय?"

मग मला काय झालं सांगता येत नाही. मी खाली बसले. तो दगड उचलला. पदरानं शेंदूर खरवडला, जितका निघाला तितका. पाय पुढं केला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत माझी टाच घासली. एकदा नाही, चांगली रक्त येईपर्यंत. रेखानं किंकाळी फोडली. ज्ञानोबा माझा हात धरायला आला आणि मधेच थांबला. मी म्हणाले, "ही वजरी हाय. तुझ्या आईनं कोकणातल्या रस्त्यावरनं आणली. शेंदूर माझ्या बैलाचा. देवी न्हाई हितं, कधीच नव्हती. तुझी आई हातदुखीनं गेली, अन् मी तिला तेल लाव म्हणाले. आता पोरीलाही मीच मारू का?"

मग ज्ञानोबानं पोरीला उचललं आणि मोटरसायकलकडं पळाला. पोरीला सलाईन लागलं, तिसऱ्या दिवशी उठून तिनं बिस्कीट मागितलं. रेखा परत आल्यावर माझ्या घरी आली. आत आली नाही, उंबऱ्यावर उभी राहिली. "तीन वर्सं. तीन वर्सं मी रोज त्या दगडाला दिवा लावला, आक्का. तुमी दोघी मनात हसत व्हता का?" मी म्हणाले, "आधी हसलो. मग न्हाई." ती रडली, मला काय काय बोलली. बोलली ते बरोबरच होतं. जाताना मात्र वळली. "पर आता खांडं कोन अडवनार?"

तिनंच वाडीत सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं. कुणी मला वेडी म्हणालं, कुणी म्हणालं म्हातारीला आता देवी बघून घेईल. दुसऱ्या सकाळी मारुती आपल्या साठ शेळ्या घेऊन रानाच्या तोंडाशी उभा. मी आधीच जाऊन बसले होते, काय करणार ते ठरलेलं नसताना. शेळ्या माना उंच करून आतला पाला बघत होत्या. माळावर आता चारा उरलेला नाही, उन्हाळा तोंडावर आहे. मारुतीनं काठी जमिनीत रोवली. मग म्हणाला, "देवी न्हाई म्हनं हितं."

"न्हाई."

"मग कावून बसलात आडव्या?"

मी आतल्या बाभळींकडं हात केला. म्हणाले, "वहिनीनं लावलंय तुझ्या."

तो हसला. चांगलं नव्हतं ते हसणं, पण हसला. "वहिनीनं तीन वर्सं येड्यात काढलं आमाला. टाचा घासायच्या दगडाला मी कोंबडं कापलं, आक्का." त्यानं कुंपणातून हात घालून एका बाभळीचा शेंडा वाकवला, पान तोडलं, तोंडात टाकलं, चावलं. आणि त्याचे डोळे भरून आले. काठी आपटून त्यानं शेळ्या वळवल्या. जाताना मागं न वळताच म्हणाला, "आज वळवतो. उद्याचं सांगत न्हाई."

त्याला बारा दिवस झाले. रोज सकाळी तो येतो, रोज "उद्याचं सांगत न्हाई" म्हणून जातो. एखाद्या दिवशी तो वळवणार नाही, हे मला कळतं. त्याच्या शेळ्याही उपाशी आहेत, त्याची काही चूक नाही. मी आणि रेखा आळीपाळीनं बसतो. ती माझ्याशी अजून धड बोलत नाही, पण तिच्या पाळीला न चुकता येते. दोघी मिळून किती दिवस पुरणार आहोत? देवीचा धाक मीच माझ्या हातानं पुसून टाकला. आता त्या चार एकरांच्या तोंडाशी उभं राहायला माणसांशिवाय कुणी नाही.

म्हणून तुम्हाला जवळ बसवलं. तुम्ही माझ्यावर रागवा, फसवलं म्हणून बोला, मी ऐकून घेईन, पण आमच्या वाडीत येऊन बोला. बाहेरून माणसं झाडं बघायला येतायत, हे मारुतीला दिसू द्या, वाडीला दिसू द्या. या आठवड्यात जमलं तर या आठवड्यात या, फार लांबवू नका. घरी पिठलं-भाकरी आहे, ताक आहे. येताना नारळ, हार, उदबत्ती काही आणू नका. गेवराईहून उमापूरच्या गाडीत बसा, आणि वाटेत कुणी विचारलं, काय हो, देवीला चाललात का, तर सांगा, नाही, गयाबाईचं रान बघायला चाललोय. जरा मोठ्यानं सांगा. अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं.